पन्नास हर्ट्झवर हलणारा बोर्ड

भोसरीतील आमच्या कारखान्यात डिझेल जनरेटरचे कंट्रोल बोर्ड तयार होतात. एका ग्राहकाकडून चार-पाच महिन्यांत बंद पडून परत येणाऱ्या बोर्डांवर ट्रान्सफॉर्मरच्या पिनांभोवती सोल्डरला गोल चीर गेलेली असे आणि आम्ही दर वेळी 'ड्राय सोल्डर', म्हणजे सोल्डर नीट धरलेले नाही, असा शेरा मारून, पिना पुन्हा सोल्डर करून ते पाठवून देत असू. एक बोर्ड तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा मी तो शेकर टेबलावर, म्हणजे हव्या त्या वेगाने कंपने देणाऱ्या यंत्रावर, चढवला.

बोर्ड 180 बाय 140 मिलिमीटरचा, जाडी 1.6 मिलिमीटर, आधार फक्त चार कोपऱ्यांतल्या स्पेसरांचा (बोर्ड उचलून धरणाऱ्या छोट्या खांबांचा) आणि सर्वांत जड असलेला ट्रान्सफॉर्मर नेमका मधोमध. कंपनांची वारंवारिता वाढवत 52 हर्ट्झपाशी आलो आणि स्ट्रोबच्या (लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) उजेडात बोर्डाचा मधला भाग ढोलाच्या पानासारखा वरखाली होताना दिसला. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोनदा ज्वलन होते. मिनिटाला 1500 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 50 ठोके, जवळपास बोर्डाच्या स्वतःच्या वारंवारितेवरच. सोल्डरिंग करणाऱ्या मुलींना आम्ही उगाच बोल लावला होता.

विभागप्रमुखांनी 2.4 मिलिमीटरचा बोर्ड सुचवला. जाडीच्या घनाप्रमाणे ताठपणा वाढतो, म्हणजे तो जवळपास 3.4 पट होतो. पण बोर्डाची स्वतःची वारंवारिता त्याच्या वर्गमुळानेच वाढत असल्याने ती नव्वदीच्या आसपास, म्हणजे इंजिनाच्या दुपटीच्या, 100 हर्ट्झच्या कंपनाशेजारी जाऊन बसली असती. मधोमध पाचवा स्पेसर हा खरा सोपा उपाय, परंतु तिथून 230 व्होल्टचे ट्रॅक जात होते. अखेर ट्रान्सफॉर्मरलगत, लांबीच्या दिशेने, 10 मिलिमीटरची ॲल्युमिनियम अँगल पट्टी खाली फायबर शीट घालून तीन स्क्रूंनी बसवली. वारंवारिता 130 च्या वर गेली.

त्याच संध्याकाळी तो बोर्ड सुरूच होईना. सप्लाय शॉर्ट दाखवत होता. पट्टीला किंचित बाक होता आणि मधला स्क्रू आवळताच बोर्ड तिच्याबरोबर वाकून, शेजारच्या सिरॅमिक कपॅसिटरला टोकाजवळ तिरपी चीर गेली होती. बाहेरून काहीच दिसत नव्हते. तो काढून सूक्ष्मदर्शकाखाली उलटा धरल्यावर ती सापडली.

नव्या लेआउटमध्ये तो कपॅसिटर स्क्रूपासून दूर नेऊन, बोर्ड ज्या दिशेने वाकतो तिला आडवा फिरवला. तयार असलेल्या साठ बोर्डांच्या पट्ट्या मात्र मी स्वतः सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवून, खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून तपासल्या. अकरा पट्ट्या बाजूला काढाव्या लागल्या.