दोष होसचा, आळ टर्बोवर

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आमची ११ वर्षे जुनी डिझेल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकू लागली, तेव्हा मी पहिला संशय डिझेल फिल्टरवर घेतला. फिल्टर बदलूनही फरक पडला नाही. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नसे. पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून ‘फुस्स’ असा लांबट आवाज येई, आरशात काळा धूर दिसे आणि थोड्या वेळाने इंजिनचा दिवा लागून गाडीचे पिकअप निम्म्यावर येई. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०२९९ हा कोड निघाला आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलावा लागेल असे सांगून साठ हजारांच्या घरातले एस्टिमेट माझ्या हाती देण्यात आले.

पी०२९९ चा अर्थ एवढाच, की ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) मागितला तेवढा दाब इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, तयार झाला नाही. तो का झाला नाही, हे कोड सांगत नाही. टर्बो झिजलेला असू शकतो, वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) उघडे अडकलेले असू शकते, किंवा टर्बोने दाबलेली हवा इंजिनपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेतच गळत असू शकते. काळ्या धुराचा उलगडा मला या शेवटच्या शक्यतेत झाला. एअर फिल्टरनंतरचा सेन्सर आत आलेली सगळी हवा मोजतो आणि ईसीयू त्या हिशेबाने डिझेल सोडतो. पण मोजलेल्या हवेतली बरीच पुढे निसटून गेलेली असल्यामुळे ते डिझेल पुरते जळत नाही.

इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून मी आतला पंखा बोटांनी हलवून पाहिला. तो मोकळा फिरत होता, बाजूला किंचित हलत होता (तेवढे चालते), पण मागेपुढे अजिबात सरकत नव्हता आणि त्याची पाती कुठे घासलेली नव्हती. मग ओबीडी स्कॅनर जोडून किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना इनटेकचा दाब पाहिला. तो ०.९३ बार, म्हणजे वाईच्या उंचीवरच्या हवेच्या दाबाइतकाच होता. दाबाचा सेन्सर खोटे सांगत नव्हता. घाटात मात्र मागणी २.१ बारची असताना प्रत्यक्षात १.४ च मिळत होते.

गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून टर्बोची हवा नेणाऱ्या होसवर (रबरी नळ्यांवर) साबणाचे पाणी मारण्यात माझी एक दुपार गेली. एकही बुडबुडा आला नाही आणि येणारही नव्हता, कारण आयडलिंगला त्या पाइपांत दाब जवळजवळ नसतोच. इंजिन बंद ठेवून बाहेरून दाब द्यायला हवा होता. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाकडच्या होसमध्ये घट्ट बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवला आणि पंक्चरवाल्या काकांच्या कॉम्प्रेसरवर हळूहळू हवा भरली. १५ पीएसआयच्या वर मुळीच जायचे नाही आणि कॅपच्या समोर उभे राहायचे नाही, या दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळल्या, कारण कॅप सुटली तर गोळीसारखी येते.

५ पीएसआयला सगळे शांत होते. ८ च्या पुढे काटा जाताच खालून तोच घाटातला आवाज आला. टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या होसच्या खालच्या वळणावर, वरून कधीच दिसणार नाही अशा बाजूला, तेलाने ओली धूळ चिकटलेली होती. ती पुसून साबणाचे पाणी लावल्यावर फेसाचा पांढरा गोळा फुगत गेला. हवा सोडली की दोन इंचांची ती चीर अशी मिटे, की नखालाही लागत नसे. दाबाशिवाय ती कोणालाच दिसली नसती, हे मान्य आहे. पण दाब देऊन न पाहताच टर्बोवर आळ घ्यायला नको होता, असे मला आजही ठामपणे वाटते.

नवीन होस आणि दोन क्लिपा मिळून २,१०० रुपये लागले. होस बसवून पुन्हा १५ पीएसआय दिले, तेव्हा इंटरकूलरकडच्या क्लिपेखाली बारीक बुडबुडे दिसले. क्लिप अर्धा आटा आवळल्यावर तेही थांबले. कोड पुसून त्याच संध्याकाळी घाट चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये, त्याच चढावर, मागणी २.१ बारची होती आणि मिळाले २.०५.