१२८ किलो कापूस

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात वेचणी ऐन रंगात होती. दिवसा मी घरूनच वेबचं काम करतो आणि रात्री, लाइन असली तर, माझी स्वतःची छोटी प्रोग्रामिंगची भाषा घडवतो. नाव ठेवलंय ‘पऱ्हाटी’. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’ असे मोजके शब्द आणि फक्त पूर्णांक. तिच्यातून थेट वेबअसेंब्लीच्या, म्हणजे ब्राउझरला झटपट चालवता येणाऱ्या यंत्रासारख्या भाषेच्या, बाईट (०-१ चे छोटे गट) निघतात. २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत त्या चालतात. आकड्याचा प्रकार आधीच ठरलेला असल्यानं जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या नेहमीच्या भाषेसारखं चालता चालता तो ओळखत बसावं लागत नाही. गावातल्या स्वस्त मोबाइलवर आकडेमोड भराभर व्हावी, यासाठीच हा खटाटोप.

त्या संध्याकाळी काटा झाला. आईनं वहीत मांडलेली वजनं मी तशीच ‘पऱ्हाटी’तल्या प्रोग्रामात लिहिली: ३८, ४२, २९, ५१ आणि मायलेकींचे मिळून ७१. वहीत बेरीज २३१. मोबाइलवर १०३.

आई म्हणाली, “काहून रे बापू? मजुरी चुकली तं उद्या कोणी येईन का वावरात?”

मला घाम फुटला. ५, १०, २००, १००० असे आकडे मी आधी तपासले होते, सगळे बरोबर आले होते. मग फरक काढला: १२८. नेमका १२८! दोनाचा सातवा घात असा उगाच येत नाही.

बाईट उघडून पाहिली. ‘४१ ४७’. ४१ म्हणजे ‘हा आकडा घे’, आणि सोळाच्या पायावर ४७ म्हणजे ७१. दिसायला सगळं ठीक. पण वेबअसेंब्ली इथं चिन्हासकट आकडा वाचते. शेवटच्या बाईटमधली उजवीकडून सातवी बिट (० किंवा १ चं घर) १ असली की आकडा उणे. माझ्या ७१ चे तिनं उणे ५७ केले होते. एका बाईटमध्ये उणे ६४ ते ६३ एवढंच मावतं. ६४ पासून दुसरी बाईट हवी. २०० आणि १००० ला दोन बाईट मिळतच होत्या, म्हणून चूक इतके दिवस लपली.

दुरुस्ती दोन ओळींची. आता ‘४१ सी७ ००’ निघालं आणि पडद्यावर २३१ आले. तोवर आईनं वहीवरून पैसे वाटूनही टाकले होते. मी तपासणीत चार आकडे कायमचे घातले: ६३, ६४, उणे ६४, उणे ६५. पाचवा ७१.