जानेवारीतलं मटण, एप्रिलमधला तुकडा

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गावी आलेल्या मित्रांनी उजनीच्या काठावर पार्टी काढली. डुकराचं मटण, कोळशावर, मोबाईलच्या उजेडात. एक तुकडा आतून गुलाबी होता. "कच्चं वाटतंय रे," म्हणालो आणि तोच तोंडात टाकला. घरी अर्थातच सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये संडासात पांढरा, चपटा तुकडा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. मेडिकलमधून अल्बेंडाझोल ही जंताची गोळी आणून घेतली आणि विषय संपला असं समजलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बायको म्हणाली, "अहो, लाजताय काय, डॉक्टरकडे जा."

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "पोर्क खाल्लं होतं?" खाल्ल्यापासून दोन-तीन महिन्यांनी पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यातल्या चपट्या, लांब जंताचे, असे तुकडे पडू लागतात म्हणे. हिशोब जुळला. पुढचा तुकडा फेकू नका, डबीतून आणा, असं बजावलं. शिवाय वेगवेगळ्या तीन दिवसांचे शौचाचे नमुने, कारण जंताची अंडी रोज सापडतातच असं नाही. रुमालात गुंडाळलेली डबी घेऊन स्कूटरवर लॅब गाठताना वाटायचं, अख्ख्या नव्या पेठेला कळलंय. नुसत्या अंड्यांवरून गाईगुरांचा की डुकराचा पट्टकृमी ते ओळखता येत नाही; तुकड्यातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजतात. माझ्यात नऊ निघाल्या. डुकराचाच.

मग डॉक्टर विचारू लागले, "फिट येते? डोकं दुखतं?" पोटाचा आणि डोक्याचा काय संबंध? तर कच्च्या मटणातून जंत आतड्यात वाढतो, पण त्याची अंडी शौचातून हाताला लागून तोंडात गेली की अळ्या थेट मेंदूत घर करू शकतात. माझ्याच नाही, घरातल्या कुणाच्याही. आणि मी रोज मुलीला हाताने दहीभात भरवायचो!

प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचं औषध मेंदूपर्यंत पोचतं, तिथे अळ्या असल्या तर फिट येऊ शकते, म्हणून आधी स्कॅन. तो नीट आला. गोळीसाठी मात्र चार मेडिकल फिरलो. डोस वजनावर, एकदाच. बायको-मुलीचीही तपासणी झाली, दोघी साफ.

एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा डबी. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. मुलगी म्हणते, "बाबा, हाताने भरव ना." नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले, तरी अजून चमचाच घेतो.