जीमेलचे फिल्टर: आधी कोणता मेल गाळायचा ते ठरवा

फिल्टर म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारा नियम. तो लावायला बसलेला माणूस बहुधा चुकीच्या मेलपासून सुरुवात करतो. लॉटरी लागली, पार्सल अडकलं, खातं आज रात्री बंद होणार, असला एखादा मेल उघडतो, पाठवणाऱ्याचा पत्ता उचलतो आणि त्यावर नियम बांधतो. तो पत्ता पुन्हा येतच नाही. ही मंडळी सतत पत्ते आणि डोमेन, म्हणजे पत्त्यातला '@' नंतरचा भाग, बदलत असतात, त्यामुळे पत्त्यावर बांधलेला नियम त्यांच्या मागेच राहतो. 'ब्लॉक'चंही तेच, तो एका पत्त्यापुरता चालतो. असल्या मेलवर 'रिपोर्ट स्पॅम' दाबावं आणि विसरून जावं. मेलच्या तळाशी असलेल्या 'अनसबस्क्राइब'ला हात लावू नये, कारण त्यातून आपला पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

नियमांचा खरा उपयोग दुसऱ्या गठ्ठ्यासाठी. कधीतरी खरेदी केलेलं दुकान, विमानाचं तिकीट काढलेली साइट, नोकरीचं पोर्टल, म्युच्युअल फंडवाले. हे चोर नाहीत, पण रोज दार वाजवतात. त्यांचे पत्ते स्थिर असतात, म्हणून त्यांच्यावर नियम टिकतो. त्यातही जे अजिबात नकोत त्यांच्यासाठी पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवतं ते 'अनसबस्क्राइब' आधी वापरावं. दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल जीमेल पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना गूगलने 2024 पासून जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय देणं बंधनकारक केलं आहे. तेवढ्याने भागलं तर नियमाची गरजच नाही.

उरतात ते अवघड, म्हणजे एकाच पत्त्यावरून बिलंही पाठवणारे आणि 'फक्त आज रात्रीपर्यंत'च्या जाहिरातीही. इथे मात्र नीट बसून नियम लिहावा लागतो.

फिल्टर संगणकावर ब्राउझरमधून बनवायचा, जीमेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ती सोय नाही. एकदा बनला की तो गूगलच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे फोनवरही लागू होतो. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं पट्ट्यांचं चिन्ह दाबलं की फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'मध्ये दुकानाचं डोमेन टाका. आता बिलं वाचवायची आहेत, म्हणून बहुतेक जण 'डझन्ट हॅव'मध्ये 'ऑर्डर' किंवा 'रिफंड' लिहितात. फसगत इथेच होते. हा खाना नुसता विषय पाहत नाही, आतला मजकूरही पाहतो. जाहिरातीत 'ऑर्डर नाऊ' असतंच आणि तळाच्या बारीक अक्षरांत 'रिफंड पॉलिसी'ही असते. मग सगळ्या जाहिराती नियमातून सुटतात आणि इनबॉक्स होता तसाच राहतो.

उपाय असा, की वगळायचे शब्द विषयापुरते बांधायचे. 'हॅज द वर्ड्स'मध्ये उणे चिन्ह, त्याला चिकटून सब्जेक्ट, मग कोलन आणि कंसात शब्द: -सब्जेक्ट:(इन्व्हॉइस ओआर शिप्ड ओआर डिलिव्हर्ड ओआर ओटीपी). हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. 'ओआर' म्हणजे 'किंवा', तो कॅपिटलमध्येच हवा, नाहीतर जीमेल त्याला साधा शब्द समजतं. कोणते शब्द घ्यायचे हे मनाने ठरवू नका, त्या दुकानाची जुनी चार-पाच बिलं काढून त्यांचे विषय वाचा. दोन शब्दांचा मजकूर असेल तर अवतरण चिन्हांत ठेवा.

लगेच 'क्रिएट फिल्टर' दाबू नका. आधी 'सर्च' दाबून यादी पाहा, त्यात एक जरी बिल दिसलं तरी नियम कच्चा आहे. यादी साफ दिसली की पुढे जा, 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल' या दोन खुणा करा, म्हणजे मेल इनबॉक्समध्ये न येता त्या लेबलच्या नावाखाली साचतील. 'डिलीट इट' करू नका, निदान पहिले दोन आठवडे तरी नको. डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. चुकीच्या नियमाने विम्याच्या हप्त्याची सूचना उडवली, तर ते हप्ता चुकल्यावरच कळतं. 'मार्क अ‍ॅज रीड'ही सुरुवातीला टाळा. लेबलशेजारी न वाचलेल्यांचा आकडा दिसत राहिला तर आत काय साचतंय यावर नजर राहते.

नियम एरवी नव्या मेलनाच लागतो. जुना ढीगही हलवायचा असेल तर 'ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स'वर खूण करा.

शब्दांवरचे नियम मराठीत आणखी एका कारणाने गळतात. जीमेलचा शोध अख्ख्या शब्दावर चालतो, अर्धा शब्द किंवा त्यापुढे तारांकन देऊन काम होत नाही. 'कर्ज' लिहिलं की 'कर्जाची' आणि 'कर्जासाठी' आपोआप धरले जातील या भरवशावर राहू नका. तिन्ही रूपं 'ओआर'ने जोडून लिहा. रुपयाच्या चिन्हाचाही उपयोग नाही, चलनाची चिन्हं शोधात धरलीच जात नाहीत.

आता वाचवायच्या मेलचा नियम. बँकेचा मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' लावतात, ते ठीक. पण 'फ्रॉम'मध्ये नुसतं बँकेचं नाव लिहिणं धोक्याचं आहे. तो खाना पाठवणाऱ्याचं दिसणारं नावही पाहतो आणि ते नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. म्हणजे तोतया मेलला आपणच इनबॉक्सचा परवाना दिला. इथे नेहमी पूर्ण पत्ता द्यावा, तोही खात्रीच्या मेलमधून उचललेला. खात्री कशी करायची? मेलच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच त्या डोमेनवरून आला का ते पाहणाऱ्या तपासण्या. त्यांच्यापुढे 'पास' आहे का आणि डोमेन बँकेचंच आहे का, हे दोन्ही पाहा. नुसतं 'पास' पुरत नाही, कारण भामट्यानेही स्वतःचं डोमेन नीट बसवलेलं असू शकतं.

रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जायला सांगितलं होतं. ज्या बँकेने त्याबरोबर मेलचा पत्ताही बदलला, तिच्या जुन्या पत्त्यावर बांधलेला नियम आता गप्प बसला असेल. एकदा तपासून घ्या.

नव्या ठिकाणी पत्ता देताना अधिकचं चिन्ह वापरता येतं. आपल्या नावानंतर, '@'च्या आधी, '+दुकान' जोडलं तरी मेल आपल्यालाच येतो. मग 'टू'मध्ये तो पूर्ण पत्ता टाकला की नियम तयार, शिवाय पत्ता कुणी पुढे दिला तेही कळतं. काही साइटचे फॉर्म '+' घेत नाहीत, तिथे इलाज नाही.

आउटलुक वापरणाऱ्यांनी क्रमाकडे लक्ष द्यावं. जीमेलमध्ये जुळणारे सगळे नियम लागतात. आउटलुकमध्ये ते वरून खाली चालतात आणि 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स'वर खूण असेल तर मेल जुळल्यावर खालचे नियम पाहिलेच जात नाहीत. म्हणून बँक आणि ऑफिसचे नियम वर, जाहिरातींचे खाली.

आणि 'सेटिंग्ज'मधली 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस' ही यादी अधूनमधून उघडत जा. खात्यात घुसलेला भामटा तिथेच आपला नियम लपवतो, बँकेचे इशारे थेट ट्रॅशमध्ये किंवा सगळे मेल दुसऱ्या पत्त्यावर. आपण न बनवलेला एकही नियम दिसला तर तो काढा, 'फॉरवर्डिंग'चा टॅब पाहा, पासवर्ड बदला आणि अनोळखी उपकरणं साइन आउट करा.