रातांब्याला खिळा

आमच्या मागीलदारी रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, खोडात एक खिळा आहे. चार इंची, गंजका. तो मीच ठोकलाय. हातोडी ऐन वेळी सापडली नाही म्हणून वरवंट्याने. आता त्याच्याभोवती साल फुगून आलीय आणि डोकं तेवढं बाहेर दिसतं, बेंबीसारखं. त्याच्याखाली तांबूस ओघळ उतरलाय, तो पावसाळ्यात आणखी गडद होतो.

हे झाड कुणी लावलेलं नाही. सोलं (आमसुलं) करताना न्हाणीच्या पाण्याकडे फेकलेल्या बियांतली एखादी रुजली आणि वाढली. सातव्या की आठव्या वर्षी पहिल्यांदा फुललं, बारीक पिवळट-लालसर फुलांनी. मी मेमध्ये टोपली काढून ठेवली. एकही रातांबा लागला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग मी विचारायला लागले.

बागेची आवड असलेल्या माणसाला काही विचारलं की तो तुमच्या झाडाबद्दल बोलतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो आपल्याच झाडाबद्दल बोलतो. गडग्यापलीकडच्या काकींचा रातांबा दर वर्षी लालेलाल होतो. त्यांच्या सासऱ्यांनी म्हणे त्याला खिळा मारला होता. "झाडाला जरा दुखलं की शहाणपण येतं गो," इति काकी. पोस्टातून निवृत्त झालेल्या भाऊजींनी मीठ सांगितलं. त्यांचे माड आहेत आणि माडाला मीठ मानवतं. रातांब्यालाही मानवेल हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दूधवाल्याने शेणखत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पाट्या आणूनही टाकल्या, पैसे घेऊन. डोंबिवलीच्या दिरांनी फोनवर एकोणीस-एकोणीस-एकोणीस खताचा सल्ला दिला, लिटरला किती चमचे तेही सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "कुंडी केवढी आहे?" झाड तोवर कौलांच्या वर गेलं होतं.

मी सगळं केलं. आळं केलं, पातेरा घातला, माशांचं पाणी ओतलं. त्या पाण्याने गावातली मांजरं जमा झाली, बाकी काही नाही. एकदा तर गड्याने कोयता उगारला आणि मी, बी.ए. झालेली बाई, मध्ये पडून मोठ्याने म्हणाले, "नको नको, पुढल्या वर्षी धरेल तो!" झाडाला धाक दाखवायचा असा प्रघात आहे. झाडाला काय वाटलं कोण जाणे, गडी मात्र दिवसभर हसत होता. शाळेतल्या गुरुजींना खताचा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्याच्या मातीत काय टिकणार? तू मेमध्ये घातलेलं ऑगस्टपर्यंत हर्णैच्या समुद्रात." त्यांचा सल्ला मात्र होता चुना. त्यांनी नुकताच गोणीभर आणला होता.

घराचंही तेच. मागच्या पडवीत कोनवाशापाशी गळायचं. ज्याने पत्रे घातले होते त्याने पत्रे सांगितले, ज्याने डांबरी कागद घातला होता त्याने डांबरी कागद. माणूस ज्याच्यावर पैसे घालून बसलाय तेच दुसऱ्याला सांगतो. त्यात लबाडी नसते. आपण केलेला खर्च शहाणपणाचा होता याला आणखी एक साक्षीदार हवा असतो, इतकंच. (शेवटी दोन कौलं सरकली होती ती नीट बसवली.) वांदरांच्या बाबतीत मात्र सगळं गाव एका सुरात बोलतं, कारण तिथे कुणाचाच उपाय चाललेला नाही. डबे वाजवा, फटाके लावा, खेळण्यातला वाघ बांधा. दोन दिवस बरं असतं. तिसऱ्या दिवशी मी त्या वाघाच्या पाठीवर वांदराचं पोर बसलेलं पाहिलंय.

रातांब्याचा उलगडा केला तो आमच्या मासेवालीने. जानेवारीतली सकाळ. पाटी उतरवून ती रातांब्याच्या सावलीत टेकली होती आणि मी सवयीने रडगाणं सुरू केलं. तिने हात वर करून एक फूल खुडलं, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या बाजूला केल्या आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. त्या हाताला बांगड्याचा वास येत होता. फुलात नुसता पिवळ्या केसरांचा झुबका.

"वैनी, ह्यो बाप्या हाय," ती म्हणाली. "ह्याला प्वार कुठलं व्हायाला?"

मी धावत जाऊन काकींच्या झाडाची गडग्यावरून अलीकडे आलेली फांदी वाकवली. त्या फुलात मधोमध हिरवा मणी होता, मोहरीपेक्षा जरा मोठा. तोच पुढे रातांबा होणार. माझ्या झाडाच्या फुलात तो मणीच नव्हता. इतकी वर्षं मी झाडाकडे बघत होते, फुलाकडे बघितलं नव्हतं. आणि ज्यांना विचारत होते त्यांच्यातल्याही कुणी मागीलदारी येऊन पाहिलं नव्हतं. मी "धरत नाही" म्हणायची आणि सगळे धरायचं कसं ते सांगायचे.

दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि मी एकाच सालची, १९७२ची. पण त्याच्या रोपवाटिकेत पाऊल टाकायला मला पन्नाशी उलटावी लागली. तिथल्या माणसाला यात काही नवल वाटलं नाही. बियांपासून आलेल्या रातांब्यांत साधारण निम्मे नर निघतात, फुलल्याशिवाय ते कळत नाही आणि फुलायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून मादी झाडाच्या काडीचं कलम लावायचं, असं त्याने पाढे म्हणावेत तसं सांगितलं. 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या विद्यापीठाच्या जाती. मी अमृता घेतलं. मग भीत भीत विचारलं, जुना पाडू का? तो म्हणाला, कशाला? आसपास एखादा नर लागतोच.

एसटीत मांडीवर कलम घेऊन बसलं की काय होतं ते सांगायला नको. आसूदचा उतार लागेपर्यंत मला खड्डा किती खोल घ्यायचा याची चार मापं मिळाली होती, एक तर थेट कंडक्टरकडून. मी चारही मन लावून ऐकली. खोड जात नाही.

घरी आले तर काकी गडग्यापाशीच उभ्या. त्यांना सगळं सांगितलं, बाप्या, निम्मे नर, पराग. काकींनी आधी माझ्या झाडाकडे पाहिलं, मग आपल्याकडे. इतकी वर्षं दर मेमध्ये त्यांच्याकडून आमच्याकडे आगळाची, म्हणजे रातांब्याच्या रसाची, एक बाटली यायची, "तुझा बिचारा धरत नाही ना" असं म्हणून. मी ती कृतज्ञतेने घ्यायचे.

"पाडणार नाहीस ना गो त्याला?" त्या म्हणाल्या.

त्या वर्षी बाटल्या तीन आल्या. खिळ्याचं नाव काकींनी काढलं नाही.