गेतारियात नाव नोंदवायला गेले आणि माझं नावच आडवं आलं

नवऱ्याची नोकरी सान सेबास्तियानला, पण तिथली भाडी ऐकून घाम फुटला म्हणून आम्ही घर घेतलं गेतारियात. उत्तर स्पेनचा बास्क किनारा, जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, एक उतरती मुख्य गल्ली जी चर्चच्या खालून बोगद्यासारखी जाऊन थेट बंदरावर निघते. 1522 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून स्वतःसकट 18 माणसं घेऊन परतलेला दर्यावर्दी एल्कानो इथलाच, त्याने जग पालथं घातलं आणि मला नगरपालिकेच्या तीन फेऱ्या जड गेल्या.

काम एकच, एम्पाद्रोनामिएन्तो. म्हणजे मी या पत्त्यावर राहते अशी नगरपालिकेच्या रजिस्टरला नोंद. ती नसेल तर हेल्थ कार्डपासून सगळं अडतं. मला वाटलं आपल्या रहिवासी दाखल्यासारखं असेल, आणि तसंच आहे म्हणा.

पहिल्या दिवशी मी आरामात जेवून चारला गेले, कुलूप! काम सकाळीच चालतं, चूक माझीच. दुसऱ्यांदा पासपोर्ट आणि भाड्याचं अॅग्रीमेंट नेलं तर अॅग्रीमेंटवर फक्त नवऱ्याचं नाव, मग त्याच्या सहीचं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स आणा.

तिसऱ्या फेरीला खरी मजा. फॉर्मवर तीन रकाने, नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं एक आईकडचं, लग्नानंतर बायका काही बदलत नाहीत. माझं आपलं तीन शब्दांचं नाव, तीन रकाने, म्हटलं वा, भरून टाकलं! काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बघितला, पासपोर्ट बघितला, संमतीपत्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हे तर तुमच्या मिस्टरांचं नाव ना? तुमच्या नावात कसं?" माझं स्पॅनिश मोबाईलवर शिकलेलं, त्यात लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे लागतं हे कसंबसं सांगितलं. "मग त्यांच्या नावात तुमचं आहे का?" नाही हो, त्यांच्या वडिलांचं. यावर त्या नुसत्या हसल्या, मलाही पुढे काही सुचेना.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पासपोर्टवर माझं आणि नवऱ्याचं नाव एकाच ओळीत आहे म्हणून दोन्ही पहिल्या रकान्यात, मग आडनाव, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना चक्क रिकामा. कोणी येणार असाल तर पासपोर्टवर आहे तस्संच लिहा, डोकं लावू नका, पुढे परदेशी नागरिकाचं कार्ड काढताना हेच नाव जुळावं लागतं. आणि हो, कागद दोन प्रकारचा मिळतो, वोलान्ते हा साधा दाखला, बऱ्याच कामांना पुरतो, कोर्टबिर्ट असेल तर सर्तिफिकादो मागायचा. आपण युरोपियन युनियनबाहेरचे, त्यामुळे पर्मनंट रेसिडेन्सी मिळेपर्यंत दर 2 वर्षांनी नोंद रिन्यू करायची, विसरलात तर नाव उडतं.

वोलान्ते हातात पडला, बाईंना एस्केरिक आस्को म्हटलं (बास्कमध्ये थँक्यू, एवढंच येतं) आणि बाहेर आले तर हॉटेलवाल्यांनी रस्त्यावरच्या शेगड्यांवर अख्खे मासे लावलेले, वास असा की भूक खवळली. नवऱ्याला फोन करून म्हटलं, लवकर ये, आणि ऐक, रजिस्टरला तू या घरात दोनदा राहतोयस, एकदा स्वतः आणि एकदा माझ्या नावात.