ड्रॉप्सच्या ट्रायलला जाऊन आले
ड्राय आयच्या नव्या ड्रॉप्सच्या ट्रायलसाठी आज डोळे तपासून घेतले. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात, ५ च्या आत म्हणजे डोळा चांगलाच कोरडा, माझी तर जेमतेम भिजली बघा! आता बाटली मिळालीय पण आत औषध आहे की प्लासिबो (म्हणजे औषध नसलेले नुसते थेंब) ते मलाही माहीत नाही नि डॉक्टरांनाही नाही. गंमत म्हणजे औषध नसलेले थेंबही डोळा ओला करतातच, त्यामुळे जरा बरं वाटलं की लगेच उड्या मारण्यात अर्थ नाही. संध्याकाळचा थेंब टाकला, चुरचुरलं थोडं, अर्धा तर गालावरच ओघळला 😄 तुमच्यापैकी कुणी घेतलाय का असल्या ट्रायलमध्ये भाग?